विडीची राख

"दिगू, वायच थांब. अंगठो पेटलो."

लवूचा हात पखवाजावरून उचलला गेला आणि माझा गजर मध्येच लोंबकळत राहिला. टाळ वाजवणारे चौघे एकमेकांकडे बघत एकेक करून थांबले. मी पेटीचा भाता सोडला. त्या दुपारची ही तिसरी खेप होती.

"लवू, महाशिवरात्रीला किती दिवस उरले?" मी विचारलं.

"नऊ."

"आणि समोर कोण बसणार आहे?"

"गुरव बुवा."

"मग तेव्हाही अंगठा पेटला तर काय करायचं? गुरव बुवांना सांगायचं का, वायच थांबा म्हणून?"

टाळकरी हसले. लवूही हसला, पण त्याच्या कपाळावर घाम होता आणि खालचा ओठ दाताखाली होता. मी चिडलो की शुद्ध मराठी बोलतो. शाळेची सवय. एरवी लवूशी मी आमच्या मालवणीतच बोलायचो, लहानपणापासून. त्यामुळे मी 'आहे' आणि 'उरले' म्हणायला लागलो की लवूला कळायचं, मास्तर तापले.

तीस वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा गावच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवायचो आणि गावच्या भजनी मंडळाचा बुवा होतो. आमच्याकडे डबलबारी म्हणजे दोन मंडळं समोरासमोर बसवतात. एक बुवा गातो, गाता गाता समोरच्याला चिमटे काढतो, सवाल टाकतो. दुसऱ्यानं आपल्या पाळीत त्याचं उत्तर द्यायचं. निम्मं गाणं आणि निम्मी वकिली. मला गाण्यापेक्षा वकिलीच जास्त जमायची, हे आता कबूल करायला हरकत नाही. वादात मी कधी हरलो नाही, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

लवू पालव आमचा पखवाजी. धंद्यानं पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. त्याच्या अडीच वर्षं आधी, गणपतीच्या तोंडावर, ओल्या माडावरून त्याचा पाय सुटला आणि तो पाठीवर पडला. मणका मोडला, आतला मज्जारज्जू चेचला गेला. छातीच्या खाली सगळं गेलं. पाय होते, पण मुंगी चावलेली कळायची नाही की गरम पाणी पडलेलं कळायचं नाही. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, सत्यवती वहिनीला, बजावलं होतं की रोज संध्याकाळी त्याचं अंग आरशानं तपासायचं, कुठे खरचटलं, कुठे फोड आला ते बघायचं, कारण त्याला स्वतःला ते कळणार नाही. वहिनी दिवेलागणीला हात-आरसा घेऊन बसायची. एक दिवस चुकवला नाही तिनं.

हात मात्र शाबूत होते. रविवारी दुपारी तालमीला चौघेजण त्याला खुर्चीसकट उचलून देवळाच्या सभामंडपात आणायचे. गोधडीवर बसवायचे, पाय पुढे पसरून द्यायचे, मांडीवर पखवाज ठेवायचे आणि छातीभोवती पंचा गुंडाळून तो मागच्या खांबाला बांधायचे. नाहीतर तो एका बाजूला कलंडायचा. खांबाला बांधलेला लवू असा काही ठेका धरायचा की बाहेर रस्त्यावरून जाणारा माणूस दोन मिनिटं थांबायचा. पहिलं वर्ष तसं गेलं.

मग त्यानं अंगठ्याचं काढलं.

"डाव्या पायाचो अंगठो जळता," म्हणाला. "कोणीतरी पेटती उदबत्ती धरून ठेवल्यासारखो. दिवस नाय, रात नाय."

"तुका पाय आसत ह्या तरी कळता काय?" मी विचारलं.

"नाय. पाय कळत नाय. जळता ताच कळता."

हे मला पटेना. सातवीच्या पुस्तकात ज्ञानतंतूंचा धडा होता आणि तो माझा आवडता होता. मी वर्गात बॅटरी, वायर आणि छोटा बल्ब घेऊन जायचो. बॅटरी म्हणजे पाय, बल्ब म्हणजे मेंदू. बल्ब पेटवून दाखवायचो आणि मग सगळ्यांच्या देखत कात्रीनं वायर कापायचो. बल्ब विझला की मुलं 'आऽ' करायची. "पाठीतला मज्जारज्जू तुटला की पायाची कुठलीही बातमी मेंदूला पोचत नाही," मी सांगायचो. त्या वर्षी मी उदाहरण म्हणून लवूचं नावही घेतलं होतं. मग आता त्याच लवूच्या तुटलेल्या वायरीतून बातमी येते कशी?

शिवाय दुसरं असं की हे दुखणं मला सोयीचं वाटायचं. मी एकदा त्याला विचारलं, "वाजवताना पण जळता?"

"वाजवताना कमी जळता रे. हात चालू झाले की अंगठो जरा लांब जाता. थांबलंय की परत जवळ येता." मग म्हणाला, "पण कधी कधी असो झटको येता की हात काय करतत ताच विसारता."

मी हे बोलणं डोक्यात जपून ठेवलं, वकील पुरावा ठेवतो तसं. वाजवताना कमी जळतं म्हणे! दुखणं खरं असेल तर वाजवताना जास्त व्हायला हवं. आणखीही पुरावे मी गोळा करत होतो. लवू विसरायला लागला होता. दहा वर्षं वाजवलेल्या गजराचे बोल मध्येच हरवायचे. कोणी काही विचारलं तर दोनदा विचारावं लागायचं. जो माणूस माडावरून शिव्यासुद्धा हसत द्यायचा तो आता पाणी आणायला उशीर झाला म्हणून वहिनीवर खेकसायचा. मंडळात कुजबुज होतीच की सगळी उठबस दुसऱ्यांनी केली की माणूस लाडावतो. मी ती कुजबुज थांबवली नाही. खरं सांगायचं तर निम्मी मीच पसरवली होती.

आणि राग होता तो गेल्या महाशिवरात्रीचा. ऐन गजरात, समेच्या तोंडावर, लवूचा हात थांबला. गुरव बुवा समोरून हसत मला म्हणाले, "धुरी बुवा, तुमचो पखवाज झोपलो काय?" देवळाचं सगळं आवार हसलं. माझ्या शाळेतली मुलंही त्यात होती. वर्षभर ते हसू माझ्या कानात होतं.

तर त्या रविवारी, नऊ दिवस उरले असताना, देवळामागच्या पडवीत चहा झाला म्हणून हाक आली. टाळकरी उठले. लवूला त्याचा कप मागाहून आणून द्यायची पद्धत होती. मी पेटी पुसायच्या निमित्तानं मागे राहिलो.

लवूनं डोकं खांबाला टेकवून डोळे मिटले होते. बारीक कण्हत होता. त्याचे पाय माझ्या पेटीपर्यंत येत. पेटीशेजारी उदबत्तीचं घर होतं आणि त्यात तीन उदबत्त्या जळत होत्या. समोर त्याचा डावा पाय होता, अंगठा वर करून. मी त्या अंगठ्याकडे बघितलं. काही म्हणजे काही नव्हतं त्यावर. नख वाढलेलं, कातडी कोरडी, बस.

मी एक उदबत्ती काढली आणि तिचं पेटतं टोक अंगठ्यावर टेकवलं.

फक्त टेकवलं असतं तरी एक वेळ... पण मी दाबून धरलं. आणि मोजलं. आमची मोजायची सवय निराळी, मी आठ मात्रा मोजल्या, एक पूर्ण आवर्तन. मग विचार केला की एका आवर्तनात काय सिद्ध होतं, आणि आणखी आठ मोजल्या. लवूचा पाय हलला नाही. कण्हणं होतं तसंच राहिलं, त्यात वरखाली काही झालं नाही. कातडी करपल्याचा बारीक वास उदबत्तीच्या वासात मिसळला. उदबत्ती विझली. मी ती परत घरात खोचून ठेवली.

मला आनंद झाला. हे लिहिताना मान वर करवत नाही, पण झाला तो आनंदच होता, प्रयोग बरोबर आल्याचा. खऱ्या विस्तवानं ज्याचा अंगठा जळत नाही, त्याचा अंगठा कशानं जळतो? सवाल बिनतोड होता.

"कसलो वास येता रे?" लवूनं डोळे उघडून विचारलं.

"उदबत्तीचा."

त्यानं आपल्या पायाकडे पाहिलं. मग उदबत्तीच्या घराकडे. मग माझ्याकडे. तेवढ्यात टाळकरी चहा घेऊन परत आले आणि कोणीतरी लवूच्या हातात कप दिला. मी उभा राहिलो. बारीत सवालाचं उत्तर देताना उभा राहायचो तसाच.

"मंडळी, एक ठरवायचं आहे. महाशिवरात्रीला पखवाजावर मनोहर सुतार बसेल. मी त्याच्याशी बोललो आहे."

मनोहर शेजारच्या गावचा पखवाजी होता. हात स्वच्छ, पण आमचा नव्हता. लवू कपातल्या चहाकडे बघत होता.

"दिगू, माका आठ दिवस दी. मी गोळी घेऊन बसान."

"गोळी कशासाठी? लवू, तुझ्या पायात काही नाही. काहीही नाही. मी खात्री करून घेतली आहे."

"खात्री?"

"हो. जे शास्त्राला मान्य नाही ते दुखणं पायात नसतं, मनात असतं. आणि मंडळाची अब्रू मी तुझ्या मनावर सोडू शकत नाही."

वाक्य मला छान जमलं होतं. दोन टाळकऱ्यांनी मानाही हलवल्या. लवूनं कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

"तू मास्तर," तो म्हणाला. "तू म्हणतस ता खरा असतला." मग पखवाजावर हात ठेवून म्हणाला, "बारीसाठी दुसरो घेवा. ह्यो माका घराक नेऊक दी. वाजवताना वायच बरा वाटता."

"पखवाज मंडळाचा आहे, लवू."

तो 'बरा' म्हणाला. पंचा त्याचा त्याला सोडता येत नव्हता, गाठ खांबामागे होती. ती मीच सोडली. चौघांनी त्याला उचलून नेलं.

बारी आम्ही जिंकली. मनोहरचा हात एकदाही थांबला नाही. गुरव बुवांनी मला मिठी मारली, लोकांनी हार घातले, आणि घरी येताना मी लवूच्या घरावरून न येता वरच्या वाटेनं आलो. पाय तिकडे वळले नाहीत, एवढंच मला तेव्हा कळलं. का ते मी स्वतःला विचारलं नाही.

दीड महिन्यानं कानावर आलं की लवूचा पाय बिघडलाय. न जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून गेलो. खाटेवर लवू उताणा होता. डाव्या पायाला घोट्यापर्यंत कापड गुंडाळलेलं आणि खोलीत तो गोडसर, नको वाटणारा वास.

"बसा मास्तरांनू," वहिनी म्हणाली. ती थकली होती, पण मला बघून बोलायला लागली. "बघा काय करून ठेवल्यानी. तालमीतसून इले त्याच सांजेक आरसो लावलंय तर अंगठ्याक फोड. इचारलंय, ह्या काय? तर म्हणतत, विडयेचो निखारो पडलो. मी हेंका कितीदा सांगलंय, विडी वढू नकात, पायाक लागला तर कळाचा नाय. ऐकतत कोणाचा? तेच्यात साखर निघाली. आता हाडापर्यंत गेलाहा म्हणतत."

मी लवूकडे बघितलं. लवू छपराकडे बघत होता.

"विडीच," तो म्हणाला. "राख झाडूक गेलंय, निखारो पडलो."

आता मला सगळं कळलं होतं. न कळायला मी मूर्ख नव्हतो. त्यानं मी केलेलं ओळखलं होतं आणि तो माझं नाव घेत नव्हता. त्या घटकेला वहिनीला सांगायचं होतं, दोन वाक्यांचं काम होतं. आणि मी काय केलं?

"विडी वाईटच," मी म्हणालो. "लवू, निदान वहिनीचं तरी ऐकायचं."

होय, मी असं म्हणालो. हे वाक्य मी तीस वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. उदबत्तीची गोष्ट सांगायचं धाडस एखाद्या वेळी झालंही असतं, पण हे वाक्य घशातून वर येत नाही. लवूनं छपरावरची नजर काढून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "होय रे. चुकलाच माझा." वहिनीनं त्याच दिवशी त्याला गळ्याची शपथ घातली आणि विड्यांचं बंडल चुलीत टाकलं. खाटेवर पडलेल्या माणसाला तेवढीच एक चैन होती. तीही गेली.

वैशाखात गोव्याच्या इस्पितळात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. मी चौथ्या दिवशी पोचलो. कॉटजवळ जाण्याआधीच मला त्याचं कण्हणं ऐकू आलं, तेच, बारीक, तालमीतलं. नर्सला तो सांगत होता, "बाय, अंगठो. डावो अंगठो जळता."

मी तिथेच उभा राहिलो. चादर गुडघ्याच्या खाली सपाट होती. अंगठा नव्हता, पाऊल नव्हतं, घोटा नव्हता. माझी वायर, माझी बॅटरी, सगळंच काढून नेलं होतं, आणि बल्ब तसाच जळत होता.

डॉक्टरीणबाई मराठी होत्या, तरुण, घाईत असलेल्या. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "पायच नाही तर अंगठा दुखतो कसा?" मी विचारलं.

"तुम्ही त्यांचे कोण?"

"मास्तर आहे. त्यांच्या गावचा."

"मग तुम्हाला सांगायला सोपं." त्या थांबल्या. "पाय कापला, पण मेंदूतली पायाची जागा कोण कापणार? तिथे प्रत्येक अवयवाचं घर असतं. मणक्याला मार लागला तेव्हापासून खालची बातमी येणं बंद झालं किंवा वेडीवाकडी येऊ लागली. मग वरचे ज्ञानतंतू गप्प बसत नाहीत. बातमी येत नाही म्हणून आपला आवाज वाढवत नेतात. मेंदूला ती आगच वाटते."

"म्हणजे मनात असते."

"मनात नाही, मेंदूत. आणि दुखणं मेंदूतच कळतं, मास्तर. तुमचं, माझं, सगळ्यांचं. विंचू पायाला चावला तरी कळ लागते ती वरच. त्यांचं दुखणं तुमच्या-माझ्या दुखण्याइतकंच खरं आहे."

"तो विसरतो. चिडतो." मी अजूनही पुरावे पुढे करत होतो, पण आता कोणाच्या बाजूनं ते मला कळत नव्हतं.

"रात्रंदिवस डोक्यात असा गोंगाट असेल तर दुसरं काही लक्षात कसं राहील? ह्या दुखण्यानं झोप जाते, लक्ष जातं, स्वभाव बदलतो. घरच्यांना वाटतं, माणूस नाटकं करतो. त्याचाच पेशंटना जास्त त्रास होतो."

"आणि एखादी गोष्ट करताना कमी होतं, ते?"

"होणारच. मेंदू दुसऱ्या कामात गुंतला की त्या आवाजाला जागा कमी मिळते. त्यांना काय आवडतं?"

"पखवाज."

"अरे वा. मग वाजवायला द्या की त्यांना. गोळीइतकाच उपयोग होईल."

मी मान हलवली. सातवीतला पोर फळ्याजवळ उत्तर चुकून उभा राहतो तसा उभा होतो, फरक एवढाच की पोराच्या चुकीनं कोणाचा पाय जात नाही.

आत येऊन मी लवूच्या कॉटवर बसलो. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती.

"काय म्हणाली डाक्तरीण?"

"खरा आसा म्हणाली."

"काय खरा?"

"तुझा दुखणा. खरा आसा."

लवूनं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं चादरीच्या सपाट भागावरून हात फिरवला आणि हसला.

"एवढ्यासाठी पाय कापूचो लागलो रे, दिगू?"

मला रडू फुटलं. आजूबाजूच्या कॉटवरचे लोक बघायला लागले. लवूनं मला हातानं थोपटलं. त्यानं मला! "गप, मेल्या," म्हणाला, "सत्यवती येयत. तिका काय सांगशीत?"

गावी परत आल्यावर पहिली गोष्ट मी केली ती मंडळाचा पखवाज खांद्यावर घेऊन लवूच्या घरी गेलो. सकाळची वेळ होती. वहिनीनं त्याला ओटीवर भिंतीशी बसवून उश्या लावल्या होत्या. पखवाज बघून त्याचा चेहरा काही वेगळाच झाला. मी तो त्याच्या मांडीवर ठेवला. कापलेला पाय आखूड, म्हणून त्या बाजूला वहिनीनं उशी सरकवली. सरकवता सरकवता म्हणाली, "वाजवा आता. त्या विडयेन पाय खाल्ल्यान, हात तरी ठेवल्यान."

मी घरून ठरवून आलो होतो. वाटेत चार वेळा वाक्य म्हणून बघितलं होतं. "वहिनी," मी म्हणालो, "ती विडी नव्हती. वहिनी, मी..."

लवूनं थाप मारली.

जोरात, दोन्ही हातांनी, सगळी ओटी दणाणली. लगेच ठेका धरला. आठ मात्रा झाल्या, समेवर तो माझ्याकडे बघून थांबायला लागला, मी गावं म्हणून. मी तोंड उघडं टाकून बसलो होतो. परत आठ मात्रा. परत सम. त्याची नजर सांगत होती की गा. वहिनी हात जोडून उंबऱ्यावर बसली होती, कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर जरा सुख होतं.

बोलायला उघडलेल्या तोंडानं मी अभंग म्हटला.

लवू पुढे एकवीस वर्षं आमच्याबरोबर वाजवत होता. दुखणं गेलं नाही कधी. तालमीत त्याचा हात थांबला की मी पेटी थांबवायचो आणि आम्ही सगळे गप्प बसून राहायचो, तो "हां" म्हणेपर्यंत. बारीतसुद्धा थांबायचो. गुरव बुवा एकदा त्यावर काही बोलले तेव्हा मी उलट उत्तर दिलं नाही. त्यानंतर मी किती बाऱ्या हरलो ते आठवत नाही. शाळेतही तो धडा शिकवला, पण कात्री घेऊन गेलो नाही. मी वहिनीला सांगून टाकायचा विषय काढला की लवू म्हणायचा, "गेला ता. तुका मोकळा होवचा आसा, तिका कित्याक जाळतस?" ते त्याचं मन मोठं होतं की माझी शिक्षा, हे मी त्याला कधी विचारलं नाही. तो मेला त्याला आता नऊ वर्षं झाली.

दर भादव्यात, पितृपक्षात, लवूचा म्हाळ असतो आणि मला पानावर बोलावणं असतं. जवळचा मित्र म्हणून पहिला मान माझा. वहिनी आता म्हातारी झाली आहे, पण सगळं आपल्या हातानं करते. केळीच्या पानावर लवूच्या आवडीचं सगळं वाढते, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, खीर, त्याला लागायचा तसल्या कडक चहाचं भांडंसुद्धा. आमच्याकडे माणूस विडी ओढणारा असेल तर पानाच्या कडेला विडीही ठेवतात. गेल्या भादव्यात तिच्या सुनेनं ती आणून ठेवली होती.

वहिनीनं ती उचलली आणि परसात फेकून दिली.

"ती नको," ती म्हणाली. "तिनाच तेंचो पाय खाल्लो. इचारा ह्या मास्तरांका."

सून माझ्याकडे बघायला लागली. पलीकडे पानावर कावळा अजून उतरला नव्हता. एक वाक्य बोललो असतो तर लवूला त्याची विडी मिळाली असती.

"विडी वाईटच," मी म्हणालो, आणि पानावर बसलो.